दादाचे कावळे

आभार मानायची मला सवय नाही. कोणी काही दिलं की "ठेव तिथे" एवढंच म्हणते, आणि मग आठ दिवस मनातल्या मनात ते कुरवाळत बसते. पण काही माणसांचे आभार मानल्याशिवाय आता मला चैन पडणार नाही, आणि समोरासमोर ते तोंडातून निघत नाही, म्हणून हे सांगायला बसले आहे. ही माणसं काळे कपडे घालतात. डोक्यापासून पायापर्यंत काळे. आमच्या गल्लीत त्यांना कावळे म्हणतात. ते नाव मीच पाडलंय, हेही आधीच कबूल करून टाकते.

पण आधी दादा. माझा थोरला भाऊ, वय पंचावन्न, धंदा कपडे रंगवायचा. मी शिलाईवाली. दुकान दोघांचं एकच, मध्ये जाड पडदा. पुढे माझं मशीन आणि कापायचं टेबल, मागे त्याचे दोन मोठे हंडे, ढवळायच्या काठ्या आणि वाळत घालायच्या तारा. वर दोन खोल्या, तिथे आम्ही राहतो. दादाचे हात मनगटापर्यंत कायम काळे, म्हणून नवीन माणसाशी ओळख झाली की तो हात पुढे न करता कोपर पुढे करतो. अंगात बारा महिने चौकड्यांचा शर्ट. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलेल, त्यातली पंधरा कापडाबद्दल. मला चिमणी म्हणतो. मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा माझं वजन तसं होतं, आता नाही, पण त्याने नाव बदललं नाही.

सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून मी एक ट्रंक घेऊन या दुकानाच्या दारात उभी राहिले. तेव्हा अख्ख्या जगाने मला विचारलं, का आलीस. मावशीने विचारलं, शेजारणीने विचारलं, पाव विकणाऱ्यानेसुद्धा विचारलं. दादाने ट्रंक वर नेली, आतल्या खोलीतली आपली खाट उचलून बाहेरच्या खोलीत टाकली आणि म्हणाला, "आतल्या खिडकीची कडी जरा अडकते. चहा घेशील?" बस्स. आजपर्यंत त्याने त्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. मीही त्याला कधी काही विचारलं नाही. पण त्याचं न विचारणं वेगळं होतं आणि माझं वेगळं. तो मला जपत होता. मला मात्र वाटायचं, याला काय विचारायचं, याच्या आयुष्यात हंडा आणि काठी याशिवाय आहेच काय!

तर हे कावळे. त्यांचा स्वतःचा शब्द गॉथ. काळी लेस, काळं मखमल, साखळ्या, डोळ्यांत बोटभर काजळ, बाई असो की बाप्या. गाणी अशी की ऐकणाऱ्याला वाटावं आताच कोणीतरी गेलंय, आणि ही मंडळी त्यावर मजेत डुलतात. बाजारातले काळे कपडे चार धुण्यांत तांबूस पडतात, दादाचं काळं पडत नाही, म्हणून ती सगळी त्याच्याकडे यायची. काळं म्हणजे काळं, त्यात बोलायचं काय! पण नाही. निळसर काळं, कोळशाचं काळं, ओल्या दगडाचं काळं, अर्धा अर्धा तास खल चालायचा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बंद पडलेल्या एका बँकेच्या तळघरात त्यांची बैठक असते, संध्याकाळी पाच ते नऊ. दादा कपडे पोचवायला जायचा आणि तिथेच रमायचा. मी म्हणायचे, "जा बाबा, कर तोंड काळं." तो हसायचा.

हे घडलं त्या महिन्यात मात्र तो हसत नव्हता. जेवण निम्म्यावर आलं होतं. मी समजले पोट बिघडलंय. ओवा दिला, काढा दिला, डॉक्टरकडे जा म्हणून डोकं खाल्लं. त्यातच गुरुवारी हंडा उचलताना त्याची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले तीन दिवस आडवं राहायचं, आणि शनिवारच्या बैठकीचे पाच शर्ट रंगवायचे राहिलेले. कावळ्यांपैकी एक बाई, ती दिवसा दवाखान्यात नर्स असते, सगळ्यांचे कपडे गोळा करून आणून देते. शुक्रवारी सकाळी तिने गाठोडं ठेवलं, प्रत्येक शर्टाला कागदाची चिठ्ठी टाचलेली.

"मी करते," मी दादाला सांगितलं. "सोळा वर्षं पडद्यापलीकडून बघतेय तुला. गरम पाणी, रंग, मीठ, ढवळत राहायचं. त्यात काय मोठं?"

"चिठ्ठ्या..." दादा काहीतरी म्हणायला लागला, पण मी दार ओढून खाली गेलेसुद्धा.

दादा काय करतो, तर कागदाची चिठ्ठी काढून आधी शर्टाच्या टोकाला कापडाची खूण शिवतो. मी शिलाईवाली, मला टाचणी दिसली की ती हाताला लागते एवढंच कळतं. टाचण्या काढल्या, चिठ्ठ्या त्या त्या शर्टाच्याच खिशात सरकवल्या म्हणजे हरवणार नाहीत, आणि पाचही शर्ट हंड्यात. तासाभराने चिठ्ठ्यांचा लगदा तरंगायला लागला तेव्हा मी कपाळाला हात लावला. काठीने, काळ्या झालेल्या हातांनी, स्वतःला शिव्या घालत तो लगदा काढला. शर्ट सुरेख काळे झाले होते. फक्त कोणता कोणाचा, ते देवालाच ठाऊक.

संध्याकाळी इस्त्री करताना शेवटचा शर्ट उलटा केला. मूळचा पांढरा, सुती, मोठ्या मापाचा. बटणपट्टीच्या आतल्या बाजूला, छातीशी, दोन शब्द शिवलेले होते. पांढऱ्यावर पांढरे होते तोवर कोणाला दिसले नसते. पण सुती कापड रंग पितं, पॉलिएस्टरचा दोरा पीत नाही. सगळा शर्ट काळा झाला आणि ते दोन शब्द दुधासारखे पांढरे वर आले. "माझा माणूस."

टाका दादाचा होता. त्याला शिवणकाम मीच शिकवलंय, आणि त्याचा "ण" लहानपणापासून अर्धवट, दुसरी काठी विसरल्यासारखा. आमची आई वडिलांबद्दल बोलताना नाव घ्यायची नाही, "माझा माणूस" म्हणायची. आमच्या घरात या दोन शब्दांना दुसरा अर्थ नव्हता.

इस्त्री मी उभी करून ठेवली ते बरं, नाहीतर शर्ट जळला असता. मला काय वाटलं ते खरं सांगते. तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला माणूस आवडतो याची नव्हे, त्याबद्दल मला नीट काही वाटायला वेळच मिळाला नाही. सोळा वर्षं एका ताटात जेवलो, आणि हे मला एका शर्टाने सांगावं? वर गेले. दादा झोपला होता. पाय पोटाशी घेऊन, लहानपणी झोपायचा तसा. मी त्याला उठवलं नाही. हा माणूस कोण ते आधी मला बघायचं होतं.

शर्टाचं माप घेतलं. छाती चव्वेचाळीस. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरलेला, तो हिशोब धरून दादाने शिवलेला. एवढं मला पुरे होतं.

शनिवारी पाच वाजता पाच शर्ट घेऊन मी त्या बँकेपाशी गेले. बाहेर लख्ख ऊन आणि ही सगळी काळ्या छत्र्या उघडून रांगेत. मला बघून आपोआप बाजूला झाली. तळघरात जुन्या तिजोरीचं दार अजून तसंच आहे, त्यावर त्यांनी कोट लटकवलेले. चार शर्ट चौघांनी ओळखून नेले. पाचवा माझ्या हातात राहिला.

मी नजरेने मापं घेत फिरले. आणि दिसला मला एक, तिजोरीशी टेकलेला, तिशीतला, उंच, छाती बरोबर चव्वेचाळीस, टेकल्यामुळे खांदाही उतरलेलाच वाटला. ओठांना जांभळा रंग, डोळ्यांत काजळ, बोटांत आठ अंगठ्या. मनात म्हटलं, हाच. दुसरा कोण असणार! माझ्या साध्यासुध्या दादाला यानेच नादी लावलं. सरळ जाऊन शर्ट त्याच्या छातीला लावला.

"तूच ना तो?"

"कोण, मावशी?"

"माझ्या भावाचा... माणूस."

गाणं नेमकं तेव्हाच संपलं. अख्ख्या तळघराने ऐकलं. तो पोरगा गडबडून म्हणाला, "नाही हो मावशी, मी हिचा माणूस आहे." शेजारी डोक्याचा चकोट केलेली, गळ्यात कुलूप अडकवलेली एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "आठ वर्षं झाली लग्नाला. पोरगी आजीकडे ठेवून आलोय." आणि फिस्सकन हसली. मग बाकीचेही हसले, माझ्या गाढवपणाला. मला एवढंच जाणवलं की दादाचं ऐकून कोणी भुवई उडवली नाही. कोणी "काय सांगता!" म्हणालं नाही.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?" माझा आवाज चिरकला.

नर्सबाईने मला हाताला धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. वयाने माझ्याएवढीच असेल, डोक्यावरून काळी जाळी सोडलेली.

"काजळावरून इथे काही ओळखता येत नाही हो," ती म्हणाली. "बाहेर रस्त्यावर आम्हा सगळ्यांना एकच शिवी पडते. लग्न झालेल्याला तीच, न झालेल्याला तीच. मग आत येऊन ती शिवी आम्ही कोणाला द्यायची?"

"म्हणजे इथे सगळी देवमाणसं."

"छे! बारा वर्षांपूर्वी इथेच काही जण म्हणाले की जे खरोखर तसे आहेत त्यांच्यामुळे सगळे आपल्यालाही तसले समजतात, त्यांना जरा लांब ठेवू. भांडण झालं, निम्मी मंडळी उठून गेली. आम्ही अकरा उरलो. तुमचा दादा त्या दिवशी नुसते कपडे द्यायला आला होता. दारात उभं राहून त्याने सगळं ऐकलं. भांडण संपल्यावर मला म्हणाला, 'मी जरा बसू का इथे?' तेव्हापासून बसतोय." ती जाळी सारखी करत म्हणाली, "आजही असे येतात, की दोन पोरांनी फोटोसाठी गळ्यात गळे घातले तर टाळ्या वाजवतील, आणि खरोखरच कोणी कोणाचं असलं तर तोंड फिरवतील. त्यांना आम्ही एकदा समजावतो. दुसऱ्यांदा नाही समजावत."

मी म्हटलं, "मग तो कोण ते तरी सांगा."

"ते मी कशी सांगू? दादाने सांगायचं."

तेवढ्यात जिन्यावरून एक जण मोठा स्पीकर घेऊन उतरला. एकटाच, उजव्या खांद्यावर. खाली ठेवून सरळ उभा राहिला आणि मी बघतच राहिले. डावा खांदा अर्धा इंच उतरलेला.

हा माणूस मला अकरा वर्षं माहीत होता. लिफ्टवाला! इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, हत्यारांची जड पिशवी कायम डाव्या खांद्याला. दर रविवारी आमच्याकडे चहाला येतो, माझ्या मशीनला तेल घालतो, दादाशी दोन तास काही न बोलता बसतो आणि जातो. मी कित्येकदा दादाला म्हटलं होतं, "तुझा हा मित्र म्हणजे तुझ्याहून घुमा." तोच हा. काळं जाकीट होतं, पण डोळ्यांत काजळबिजळ काही नाही. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मी शर्ट उलटा करून त्याच्या हातात दिला. नऊ वर्षं त्याने तो घातला होता आणि ते शब्द त्याला माहीत नव्हते. त्याने वाचले. पुन्हा वाचले. मग त्या एवढ्या थोरल्या गड्याने शर्ट तोंडावर धरला आणि तिजोरीच्या दाराकडे तोंड करून उभा राहिला. कोणी त्याच्याकडे टक लावून बघितलं नाही. काजळवाल्या पोराने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी सोमवारी चाललोय," शर्टाची घडी करत तो मला म्हणाला. "बदली झाली. सहा तासांवर. परत यायचं नाही. त्याला तीनदा म्हटलं, चल. तिथेही लोक कपडे घालतात, रंगवतात. तीनदा नाही म्हणाला."

"का?"

"चिमणीला सांगता येणार नाही, म्हणाला."

"का? मी काय वाघ आहे?"

तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. "सहा वर्षांपूर्वी दोन पुरुष तुमच्याकडे एकाच कापडाची जाकिटं शिवायला आले होते. लग्नासाठी, त्या दोघांच्याच. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, असली माणसं माझ्या घरात मला नकोत. तो पडद्यामागे ढवळत होता."

मला आठवेना. आणि मग आठवलं. तोंडात टाचण्या धरून बोलले होते. गंमत म्हणून, कोणीतरी गिऱ्हाईक हसावं म्हणून. घर तर दादाचं होतं. त्याने मला एक प्रश्न न विचारता त्यात घेतलं, आणि मी त्याच घरात बसून त्याच्यासाठी दार लावून टाकलं. तोंडात कोणीतरी थप्पड मारावी तसं झालं. स्टुलावर बसून मी ढसाढसा रडले, त्या सगळ्या कावळ्यांच्या देखत, आणि नर्सबाईने मला आपला काळा रुमाल दिला. तो दादानेच रंगवलेला होता.

म्हणून म्हणते, या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. दादाने जे मला सांगायचं ते त्यांना सांगितलं, कारण मी त्याला सांगण्याजोगी राहिले नव्हते. त्यांनी ते ऐकलं, ठेवून घेतलं, बारा वर्षं गल्लीत कुठे एक शब्द सांडू दिला नाही. वर मी कावळे म्हणून हाक मारली की हसून ओ द्यायचे. माझ्या भावाला महिन्यातून चार तास मोकळा श्वास घेता आला तो या तळघरात. नाहीतर माझा दादा घुसमटून मेला असता आणि मी ओवा देत बसले असते.

साडेसात वाजता घरी आले. लिफ्टवाल्याला खाली दुकानात बसवलं. वर दादा अजून आडवाच होता, डोळे मिटून. बसले असते तर माझा धीर सुटला असता, म्हणून सरळ पिशवी काढली आणि त्याचे कपडे भरायला लागले. चौकड्यांचे शर्ट, पट्टा, दाढीचं सामान. चेनच्या आवाजाने तो जागा झाला. पिशवीकडे बघितलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं.

"कळलं तुला," तो म्हणाला.

"हो."

"बरं." भिंतीला धरून तो उठला. कंबर धरलेली, तरी उठला. "मोठ्या हंड्याचा एक कान सैल आहे, उचलताना जपून. मीठ वरच्या फळीवर. रंगाचे डबे ओल्या हाताने उघडू नकोस. आतल्या खिडकीची कडी बसवून घे. तू रडू नकोस, तुझं काही चुकलेलं नाही. मी जातो." आणि त्याने पिशवीला हात घातला.

इतक्या शांतपणे बोलला. एकही शब्द शोधावा लागला नाही. हे बोलणं त्याच्याकडे तयार होतं. रोज माझ्यासमोर जेवताना, रोज चिमणे म्हणताना, त्याने हे पाठ करून ठेवलं होतं.

"अरे, हाकलत नाहीये मी तुला!" मी अशी ओरडले की खाली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सोमवारी तो एकटाच जाणार आहे का, मूर्खा? खाली बसलाय तो! कंबर धरलेल्या माणसाला सामान भरता येतं का? म्हणून भरतेय!"

दादा पिशवी धरून तसाच उभा. त्याला अर्थ लागेना. मी त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मी बोलले ते चुकलं. आणि विचारलं नाही तेही चुकलं."

तो खाटेवर बसला. जिन्यावर लिफ्टवाल्याच्या पावलांचा आवाज आला, दारापाशी येऊन थांबला.

"मी गेलो तर तुला चालेल?" दादाने विचारलं. चहाचं सोडलं तर सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला प्रश्न विचारला होता.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात चालणार नाही. तरी जा."